आक्षीची पुळण आणि रविवारची सुट्टी



इतिहासावर बोलावयाचे म्हटले की वक्ता बहुधा किल्ल्यावर चढतो. आमच्या रायगड जिल्ह्यात तर किल्ल्यांची वाण नाही. जिल्ह्याचे नावच किल्ल्याचे. १९८१ पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता, तेव्हाही नाव किल्ल्याचेच होते. मी मात्र आज आपणांस किल्ल्यावर न नेता त्याच्या समोरच्या वाळूत नेणार आहे. तिथे लढाई झाली नाही, तह झाला नाही. ‘तिथे काय आहे?’ असे कोणी विचारलेच, तर ‘काही नाही, समुद्र आहे,’ एवढेच उत्तर मिळते.

अलिबागहून दक्षिणेस निघावे, साखरखाडीचा पूल ओलांडावा, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून उजव्या हाताला वळावे, की आक्षीची पुळण लागते. पुळण म्हणजे वाळूचा सपाट किनारा. हा शब्द आता शहरात ऐकू येत नाही. जिथे तिथे ‘बीच’ झाला आहे. ओहोटीच्या वेळी पाणी इतके दूर जाते की मुलांना समुद्र गाठावयास धावत जावे लागते. मागे सुरूचे बन, उत्तरेला पाण्यात कुलाब्याचा किल्ला, एका अंगाला कोळ्यांच्या होड्या. सुरूच्या आड घरगुती खानावळी आणि लहान विश्रामगृहे आहेत, पण उंच इमारतींची रांग नाही. रविवारी ऊन कलले की आसपासच्या गावांतली कुटुंबे येतात. शिक्षक, कचेरीतले कारकून, एसटीचे वाहक, थळच्या खत कारखान्यातले कामगार. भेळ घरून कालवून आणलेली असते. आजीबाई लुगडे गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या राहतात आणि नातवंडांना ‘पुढे जाऊ नका रे’ म्हणून ओरडत असतात.

हे पाहिले म्हणजे वाटते, समुद्र आहे तेव्हापासून माणसे अशीच त्याच्या काठी येऊन बसत असतील. तसे मुळीच नाही. काही काम नसताना, बायकामुलांसह, समुद्राकडे नुसते पाहात बसणे ही गोष्ट सामान्य माणसाच्या वाट्याला येऊन फार तर तीन-चार पिढ्या झाल्या. ती निसर्गाने दिलेली नाही, सरकारनेही आपण होऊन दिलेली नाही. ती कोणी आणि कशी मिळविली, हा माझा आजचा विषय आहे.

जुने कोकणी गाव नीट पाहा. त्याचे तोंड समुद्राकडे नसते. घर वाडीच्या आत, रस्त्याच्या अंगाला. समुद्राकडे परसू, परसवापलीकडे केवड्याची जाळी आणि उंडीची झाडे. यात अरसिकपणा काही नाही. जूनपासून चार महिने पश्चिमेचा वारा खारे तुषार घेऊन येतो. त्याच्याकडे दार करून राहणारा माणूस शहाणा नव्हे. पुळणीवर जे चाले ते कामच चाले. होड्या ओढणे, जाळी सुकविणे, मासळी वाळत घालणे. ज्या सुरूच्या सावलीत आपण डबा उघडतो तो वृक्षसुद्धा इथला नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. एकोणिसाव्या शतकात कारवारच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली आणि पुढे वारा अडविण्यासाठी तो पश्चिम किनारभर पसरला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले, तेव्हा सुरू, नारळ, पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. वाडीवाल्याने पोफळ लावली तर उत्पन्न हाती यावयास वर्षे मोजावी लागतात, म्हणून हा उल्लेख केला.

याच आक्षीत एक शिळा आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा शिलालेख तिच्यावर आहे. शिलाहार राजा केसीदेवरायाच्या काळातला हा लेख देवीला दिलेल्या धान्याच्या दानाचा आहे. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. श्रवणबेळगोळचा आधीचा की आक्षीचा, हा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. मला त्या काळच्या दानशिळांतली एक चाल मोठी बोधक वाटते. त्यांना गधेगाळ म्हणतात. दान काय दिले हे लिहून झाल्यावर, जो हे मोडील त्याला एक शिवी कोरलेली असते, आणि ती शिवी मला या सभेत उच्चारता येणार नाही. हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही एवढे कळत होते, की लोकांसाठी म्हणून ठेवलेली वस्तू पुढे कोणीतरी गिळावयास येणार, आणि त्याला अडविण्यास नुसता कागद पुरत नाही. आक्षीची ही शिळा कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपावसात उभी होती. अलीकडे कुठे तिला नीट जागा मिळाली.

आता सुट्टीकडे वळतो. सुट्टी नसेल तर समुद्र दाराशी असून काय उपयोग? आपल्या शेतीत सण होते, जत्रा होत्या, अमावास्या पाळण्याची चाल होती. कुठे कुठे सोमवारी बैल जुंपीत नसत. बैलाला सोमवार मिळे, माणसाला दर सातव्या दिवशी हमखास विश्रांती अशी मिळत नसे. ही कल्पना महाराष्ट्रात प्रथम रुजली ती, मला वाटते, याच अलिबागच्या किनाऱ्यावर. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज किहीम-थळच्या बाजूच्या नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. हे लोक गावोगाव पांगले, मराठी बोलू लागले, गावांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार मात्र त्यांनी सोडला नाही. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले. ज्या भूमध्य समुद्राच्या पूर्वकाठावरून आपण आलो असे ते मानीत, तिकडेच १९४८ नंतर त्यांतले बहुतेक परत गेले. समुद्रकाठच्या अश्दोद शहरात आज त्यांची मोठी वस्ती आहे.

मला या हकिकतीत एक गोष्ट महत्त्वाची दिसते. शनवार तेल्याला सुट्टी पाळता आली, कारण घाणा त्याचा स्वतःचा होता. बंद ठेवावयाचा तर कोणाला विचारावयाचे नव्हते. पण ज्याचा घाणा दुसऱ्याचा, त्याने काय करावे?

हा प्रश्न मुंबईच्या गिरण्यांत उभा राहिला. तिथे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम असे आणि नियमाची साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संस्था उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. मालक ऐकेनात, सरकार चौकशी समित्या नेमी. शेवटी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या सालाचा विचार करा! पुण्यामुंबईच्या विद्वत्सभांत तेव्हा स्त्रियांचे भाषण होणे किती दुर्मिळ होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार, त्यामुळे ही सुट्टी कामगाराला परकी वाटली नाही. आपल्याकडे पुष्कळांची अजून समजूत आहे की रविवार साहेबाने दिला. साहेबाच्या कचेरीला तो होताच. गिरणीतल्या माणसाला तो लोखंड्यांनी मिळवून दिला.

समुद्रकाठी निवांत जाऊन राहण्याची हौस आपल्याकडे प्रथम पैसेवाल्यांनी केली. त्यांच्या बंगल्यांनी किहीमचे नाव झाले. पण त्याच किहीमला १९३० साली एक बेकार गृहस्थही येऊन राहिले होते, त्यांचे नाव सालिम अली. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून परतले तो मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. शहरात राहणे परवडेना, म्हणून पत्नीसह किहीमला आले आणि तिथे सुगरण पक्ष्याच्या घरट्यांसमोर बसून राहिले. नर एकापाठोपाठ एक घरटी बांधतो आणि एकेका मादीला एकेक घरटे देत जातो, हे त्यांनी तिथे ताडले. बेकारीचे कौतुक करण्याची माझी इच्छा नाही. रिकामा वेळ आणि शांत किनारा यांतून विद्याही निघते, एवढेच सांगावयाचे आहे.

त्याच वेळी किहीमपासून काही कोसांवर, पोयनाडच्या बाजूला, निराळेच चालले होते. चरी गावच्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी ठरविले की खोताची जमीन कसावयाची नाही. भात पिकवावयाचे कुळाने आणि खळ्यावरून उचलावयाचे खोताने, हा तेव्हाचा व्यवहार. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीस गावे या संपात होती आणि तो १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे, टिकला. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ संप पाहिले, पण सहा वर्षे जमीन पड ठेवून लाकडे तोडून पोट भरणारी माणसे डोळ्यांपुढे आणली की आमची छाती दडपते. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. या साऱ्याचा पुळणीशी काय संबंध, असे आपण म्हणाल. आज रविवारी मुलांना घेऊन आक्षीला येणाऱ्यांत त्या कुळांची नातवंडे-पतवंडे असतात. खोताच्या वेठीला असलेल्या माणसाला रविवारही नव्हता आणि सोमवारही नव्हता.

सुट्टी मिळाली तरी वाट राहतेच. मुंबई आणि अलिबाग यांच्यामध्ये खाडीमुखाचे थोडेसे पाणी; पण रेल्वे नाही, सडकेने फेरा मोठा. म्हणून गिरणीतला, गोदीतला माणूस भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरे आणि पुढे गावी जाई. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला चार आठवडे उरले असताना, ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघाली ती वाटेत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. अमावास्येच्या सुमारास गावी निघालेले चाकरमाने आणि बाजाराची माणसे हेच त्यांत मुख्यतः होते. रेवस बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांवर काहींना वाचविले. अलिबाग तालुक्यातल्या जुन्या घरांतून अजून हा विषय निघाला की आवाज खाली येतो. आपल्या शालेय पुस्तकांत जगातल्या बुडालेल्या बोटींची नावे असतात, ही नसते. घरी जाण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला, पण घरी नेणारी बोट धड असावी ही जबाबदारी कोणी घेतली नव्हती.

याच सुमाराची फ्रान्समधली हकिकत यापुढे ठेवून पाहावी. भूमध्य समुद्राचा फ्रेंच किनारा, नीस वगैरे, हा राजेरजवाड्यांचा आणि धनिक इंग्रजांचा. नीसच्या समुद्रकाठच्या रस्त्याला नावच इंग्रजांचे आहे. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधले कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले. लेओं ब्लूम यांचे सरकार नुकतेच आले होते. २० जून १९३६ च्या कायद्याने प्रत्येक कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लेओ लाग्रांज नावाच्या तरुण उपमंत्र्याने त्याला जोडून रेल्वेचे स्वस्त तिकीट काढले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात काही लाख लोक त्या तिकिटावर फिरून आले. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बड्या लोकांनी नाके मुरडली, पाण्यात आता कोण कोण उतरणार म्हणून थट्टा केली. लाग्रांजने केलेली गोष्ट साधीच, पण आपल्याकडे कोणाला सुचली नाही: रजा आणि तिकीट दोन्ही एकाच हाताने दिली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. पण ती रजा बहुतेक घरांत लग्नकार्यात आणि आजारपणातच संपे.

आता वाळूच्या मालकीकडे येऊ. रोमन बादशहा जस्टिनियन याने ५३३ साली कायद्याचे पाठ्यपुस्तक करविले. त्यात म्हटले आहे की हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या गोष्टी सर्वांच्या आहेत. आणि किनारा म्हणजे हिवाळ्यातली मोठ्यात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या एका खटल्यात हेच जुने तत्त्व आधाराला घेतले आणि नदी, किनारा, जंगल यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे असे सांगितले. १९६६ च्या आपल्या जमीन महसूल संहितेचे विसावे कलम भरतीरेषेखालची समुद्राची आणि खाडीची जमीन सरकारची म्हणते. इंदिरा गांधींनी १९८१ साली किनाऱ्यावरच्या राज्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून पाचशे मीटर जागा मोकळी ठेवावयास सांगितले, आणि त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमनाची अधिसूचना आली. खेड्यांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर नवे बांधकाम नको, असा तिचा रोख होता. २०१९ च्या अधिसूचनेने चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागात हे अंतर पन्नास मीटरपर्यंत आणण्याची सोय केली. आक्षीसारखी पुळण मोकळी राहिली ती मुख्यतः या दोनशे मीटरांमुळे, आणि थोडी मुंबईहून येण्याच्या अडचणीमुळे.

ती अडचण आता सरत आली आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाली; १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. मी त्याविरुद्ध नाही. ‘रामदास’ आठवणारा माणूस पुलाविरुद्ध कसा असेल? पण मोटारीबरोबर जमिनीचा भाव आला, आणि भावाबरोबर कुंपण आले.

वाळू कोणाची या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. वाळूपर्यंत जावयाचे कसे, याला तितके सरळ उत्तर नाही. कोकणात वाड्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद वाटा असतात, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. त्यांना कुठे पाखाडी म्हणतात, कुठे नुसती वाट. कोळणी पाट्या घेऊन त्यांवरून जात, गुरे जात, मयतीही जात. यांतल्या कित्येक वाटा कागदावर कोणाच्या तरी खाजगी नंबरातून जातात. जुना वाडीवाला त्या कधी अडवीत नसे, कारण वाट अडविली तर उद्या आपल्या दारी कोण येणार? वाडी विकली जाते, नवा मालक मुंबईचा असतो, तो भिंत घालतो आणि वाटेवर फाटक बसवितो. तो कायदा मोडीत नाही, वाळूच्या एका कणालाही हात लावीत नाही. गावाला मात्र समुद्रावर जावयास दुसऱ्या टोकाने वळसा पडतो, आणि पाच-सहा वर्षांत त्या वाटेची आठवण म्हाताऱ्यांपुरती उरते. किहीम, आवास, थळ या बाजूच्या लोकांना हे नव्याने सांगावयास नको. ज्या गावांच्या वाटा अजून चालत्या आहेत त्यांनी गावनकाशा काढून त्या आजच नोंदवून घ्याव्यात, वहिवाट दाखविणारी म्हातारी माणसे हयात आहेत तोवर.

भरतीरेषेचेही तसेच. सरकारी नकाशावरची रेषा आपणांस वाळूत दिसत नाही. पण पुळणीवर जिथे लाट पोचावयाची थांबते, तिथे जांभळ्या फुलांची एक वेल पसरते. कोकणात तिचे नाव मर्यादवेल. नकाशा येण्यापूर्वी कित्येक पिढ्या लोकांनी तिलाच समुद्राची हद्द मानले आणि तिच्या अलीकडे काही बांधले तरी पलीकडे बांधले नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. आपण रविवारी आक्षीला, नागावला जातो तेव्हा तिथे काही माणसे कामावर असतात. खानावळीत भाकऱ्या भाजणारी बाई, शहाळी सोलणारा, घोडागाडीवाला, बंगल्याचा राखणदार. त्यांचा भराचा दिवस तोच. १९४८ च्या दुकाने कायद्याखाली शहरगावांतल्या लहान दुकानातल्या नोकरालाही आठवड्याची सुट्टी होती. २०१७ चा नवा कायदा सगळ्या राज्याला लागू झाला, पण जिथे दहा माणसे कामाला नाहीत तिथे त्याने सुट्टीचे कलम लागू केले नाही. किनाऱ्यावरच्या खानावळीत दहा माणसे असतात कुठे? चार बायका असतात, शनिवार-रविवारी सहा. आम्ही काहीजण अशा बायकांची नावे वहीत लिहून घेत आहोत, आणि सुट्टी मिळाली तर कोणता वार हवा हेही विचारतो. बहुतेकजणी सोमवार सांगतात. सोमवारी पाहुणे नसतात, मासळी खाणारे कमी असतात, आणि पुळण मोकळी असते.